गवताचा रोवणा

ईरा, निहार,

मागच्या रविवारी ईराने फोनवर माझी मुलाखत घेतली. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचे प्रश्न तिच्या शाळेने छापून दिले होते. जन्म कुठे झाला, शाळा कशी होती, लहानपणी काय खायला आवडायचं, इथपर्यंत मी पटापट उत्तरं दिली. मग नववा प्रश्न आला. पर्यावरणासाठी तुम्ही आयुष्यात काय केलं? मी म्हटलं, याचं उत्तर लिहून पाठवते. ईराला वाटलं असेल की आजीकडे मोठी यादी आहे. तसं नाही. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात चुकीने होते.

लगेच लिहायला बसण्याचं दुसरं कारण खिडकीबाहेर आहे. समोरच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, कालपासून रोवणा लागला आहे. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून, पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत ओळीने लावायचे, त्याला आमच्याकडे रोवणा म्हणतात. बारा-पंधरा बाया कमरेत वाकून उलट्या पावलांनी मागे सरकत आहेत. पुढे सरकणारं काम तुम्ही खूप पाहिलं असेल. मागे सरकत केलेलं हे काम बघा कधी. माणूस मागे जातो आणि हिरवं पुढे येत जातं. सकाळपासून मी तीनदा चहा घेऊन खिडकीशी उभी राहिले.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी नागपूरला इंग्रजी माध्यमात शिकले, बी.एस्सी. केलं, आणि लग्न होऊन इथे आल्यावर गावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण ज्या झाडांबद्दल मी लिहिणार आहे त्यांची मला दोनच भाषांतली नावं येतात. एक लॅटिन, जी मी पुस्तकातून शिकले. दुसरी इथली, जी भागरताबाईंनी शिकवली. मधली इंग्रजी माझ्याकडे नाही. तेव्हा बाबांकडून वाचून घ्या.

आपला तलाव तुम्ही पाहिला आहे. निहारने त्याच्या पाळीवरून दगड फेकले होते आणि बगळे उडाले म्हणून रडला होता. भंडारा जिल्ह्यात असे तलाव गावागावाला आहेत. मोहाडीच्या बाजाराला जाताना बसच्या खिडकीतून मोजायला घेतले तर मोजणं विसरायला होतं. पुष्कळदा मला प्रश्न पडतो की तलाव निसर्गाचा की माणसाचा? कारण ही पाळ माणसांनी बांधली आहे. कोणे एके काळी शेकडो लोकांनी डोक्यावर माती वाहून एक उतार अडवला. पाणी साचलं. पुढचं मात्र कुणी केलं नाही. कमळ कुणी आणलं? मासे कुठून आले? कमळाच्या पानावर चालणाऱ्या पक्ष्याला कुणी कळवलं की इथे आता पाणी असतं? माणसाने एक भिंत घातली आणि बाकी सगळे आपणहून राहायला आले. विचारलं कुणीच नाही. आले आणि राहिले.

मी या गावात आले तेव्हा यातलं काही माझ्या मनात आलं नव्हतं. तुमच्या आईला ठाऊक आहे, माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव असतं. मोहरी मोहरीच्या जागी, मेथी मेथीच्या जागी. वर्गात मुलांच्या वह्यांना मी एकाच रंगाची वेष्टनं घालायला लावत असे. तलावाकडे मी याच नजरेने पाहिलं. अर्धं पाणी गवताने झाकलेलं, काठाला लव्हाळ्यासारखं काहीतरी माजलेलं, मधे पानंच पानं. मला तो न आवरलेल्या खोलीसारखा दिसायचा.

मग एका वर्षी गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. याला आता अठरा वर्षं झाली. ईराचा जन्मही व्हायचा होता. रस्ते झाडून झाले, भिंतींवर सुविचार रंगवून झाले, आणि मीटिंगमध्ये मीच उठून म्हणाले, तलावाचं काय? तिथे तर जंगल माजलं आहे.

कुणी विरोध केला नाही, आणि का केला नाही हे आज मला कळतं. आपण धानाची माणसं. पिकात उगवलेलं दुसरं काहीही दिसलं की आपला हात आपोआप खाली जातो. निंदण आमच्या हाडात आहे. आमच्या गावची बाई लग्नाच्या मांडवात जाता जाता सुद्धा बांधीतलं एखादं गवत उपटून जाते. पाण्यात गवत आहे म्हणजे ते उपटायचं, यात विचार करण्यासारखं आहे तरी काय, असं सगळ्या गावाला वाटलं. गव्हाच्या किंवा कापसाच्या मुलखातल्या लोकांनी कदाचित तलावाकडे लक्षही दिलं नसतं. आम्ही पाण्यात उभं राहून काम करणारे लोक. आम्ही तलाव निंदून काढला.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर आठ दिवस ते काम चाललं. शाळेची मोठी मुलं काठाच्या उथळ पाण्यात आणि गावातले लोक डोंग्यांवरून मधे. मी पाळीवर शिट्टी घेऊन उभी. उपटलेल्या गवताचा हिरवा, माशांसारखा वास हाताला येई आणि साबणाने जात नसे. ढिगात बारीक झिंगे उड्या मारत होते, शंखातल्या गोगलगायी होत्या, बोटभर मासे होते. मुलं ते वेचून पाण्यात परत सोडत होती. मी त्यांचं कौतुक केलं. घर काढून घेऊन माणसांना परत रस्त्यावर सोडल्यासारखं ते होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी विज्ञानाची शिक्षिका होते.

तलाव आरशासारखा झाला. पाहणीला आलेले लोक खूश झाले. गावाला बक्षीस मिळालं. माझा सत्कार झाला, आणि ढाल हातात घेतलेला माझा फोटो अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. मागे चकचकीत पाणी.

त्या आरशाकडे बघण्यात एक वर्ष गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी गढूळ झालं ते निवळेच ना. वारा आला की लाटा थेट पाळीवर आपटत. आधी त्या गवतात अडून दमत असत. पाळीची माती ढासळू लागली. रिकाम्या काठावर बेशरम आली. गुलाबी फुलांचं हे झुडूप तुम्ही पाहिलं आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि त्याची तोडलेली काडी चिखलात पडली तरी जगते, म्हणून तर ते नाव. मी वर्गाच्या खिडकीतून तिची फुलं बघत असे आणि छान दिसतात म्हणत असे.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात, आमच्या बोलीत अघनात, भागरताबाई शाळेत आल्या. भागरताबाई म्हणजे ढिवर मोहल्ल्यातल्या. ढिवर हे इथले पिढ्यान्पिढ्यांचे मासेमार. तलावावर त्यांचं पोट. त्यांची मुलगी सुनीता माझ्या वर्गात सातवीत होती. काळी, उंच, चित्रं सुरेख काढणारी. बेडकाच्या जीवनचक्राची तिने काढलेली आकृती मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात लावत असे.

त्यांना सुनीताचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. क्लार्क रजेवर होता, म्हणून मीच पुस्तक काढलं आणि नीट अक्षरात एकेक रकाना भरत गेले. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले. शाळा सोडण्याचं कारण.

"काय लिहू?" मी विचारलं. "कुठे चाललात?"

"नागपूरले. बिल्डिंगच्या कामाले."

"का पण? तलाव आहे ना इथे."

त्या हसल्या. भागरताबाईंचं हसू असं की समोरच्याला वाटतं आपल्या कपाळाला काही लागलं आहे.

"तलाव हाये न जी. मासोरी नाई. डाडक नाई, मरळ नाई, वाघूर नाई. जायं टाकलं का नुसता चिखल येते वर."

"पण का? पाणी तर भरपूर आहे."

"अवो बाई, मासोरी का पाण्यात रायते? मासोरी गवतात रायते. अंडे गवताले चिकटवते, पिल्लं गवतात लपवते. तुमाले माईत नाई?"

मला माहीत नव्हतं. माशाच्या कल्ल्यांची रचना मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढू शकत होते.

"मग काय लिहू?" मी पुन्हा विचारलं.

"लिवा," त्या म्हणाल्या, "तलाव साफ केला म्हणून."

मी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर'. सही केली, शिक्का मारला, दाखला फाडून दिला. सुनीता दाराशी उभी होती. माझं अक्षर त्या दाखल्यावर फार सुंदर आलं होतं.

हे मी तुमच्या बाबांनाही कधी सांगितलं नाही.

यापुढची गोष्ट खरं तर मला लिहायची होती, कारण माझ्या आयुष्यातला सर्वांत शिकवणारा पावसाळा तो. पुढच्या वर्षी आषाढात भागरताबाई रोवण्यासाठी गावी परत आल्या. रोवण्याला सगळ्या येतात, कुठेही असल्या तरी. मी त्यांना आमच्या बांधीत गाठलं आणि विचारलं, उपटलेलं परत लावता येतं का?

त्या वाकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. हात चालू होता.

"काय परत लावता येते?"

"गवत. तलावातलं."

आता त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या दोघी-तिघीही उभ्या राहिल्या, आणि रोवणारी बाई मधेच उभी राहणं ही साधी गोष्ट नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "धान रोवते, मिरची रोवते, वांगे रोवते. गवत कोणी रोवते काय?"

"लावलं तर जगेल का?"

त्यांनी चिखलाचा हात पदराला पुसला. "जगन न," त्या म्हणाल्या. "पर तुमाले कोन्तं पायजे? गवत का एक हाये?"

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. त्या दिवसाचा रोवणा उरकला की दुपारी भागरताबाई मला घेऊन काठाने फिरत. आधी आपला तलाव, मग जंगलाच्या कडेचा दुसरा एक तलाव, जिथे स्पर्धा पोचली नव्हती. मी वही-पेन्सिल घेऊन, साडीचा ओचा खोचून. त्या पायाने चाचपून सांगत, कारण गवत आधी पायाला कळतं. ही गाद, पाण्याच्या आत राहते, पायाला केसासारखी लागते, हिच्यात पिल्लं लपतात. ही चिऊल, रिबिनीसारखी लांब. हा परसूड, याची पोकळ काडी दाबली की चटचट वाजते, आणि याचे खालचे गड्डे पोरं खातात. ही पांज, हिची गोल पानं वर तरंगतात. आणि हे देवधान.

देवधानापाशी मी फार वेळ थांबले. ते दिसायला थेट धानासारखं, फक्त लोंबीला लांब केस. कुणी पेरत नाही, कुणी निंदत नाही. दाणा पिकला की पाण्यात झडतो आणि पुढच्या वर्षी आपणच उगवतो. इथल्या बाया ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं धान्य खातात, ते हे, आदल्या वर्षी गोळा करून ठेवलेलं. मी विचार करत राहिले. वर्षभर नांगराचं खाणाऱ्या लोकांनी एक दिवस न नांगरलेलं खायचं, हे कुणाला आणि का सुचलं असेल? आपलं ताट भरणारं आपल्याशिवायही कुणी आहे, याची आठवण ठेवण्याची ती रीत असेल का? मला नक्की माहीत नाही. पण तुमच्या शाळेच्या नवव्या प्रश्नाजवळचं काहीतरी त्यात आहे असं वाटतं.

माझ्या वहीत डावीकडे भागरताबाईंची नावं आणि उजवीकडे लॅटिन, अशी पानं भरत गेली. त्यांना उजवीकडच्या बाजूची भारी गंमत वाटे.

"या गादीचं नाव काय म्हनता तुमी?"

मी सांगितलं.

"येवढं मोठं? येवढ्याशा गवताले?" आणि मग मागून येणाऱ्या जावेला, "आयक वो, आपली गाद विलायतेले जाऊन आली."

एकदा त्या जंगलाकडच्या तलावात त्यांनी मला पांजच्या पानांवर बसलेला कमळपक्षी दाखवला. लांब शेपटी, लांब बोटं, पानावर असा चाले की पान बुडत नसे. खाली चार अंडी, पाण्यात पडतील की काय अशी. मी म्हटलं, आई बसली आहे. भागरताबाई म्हणाल्या, "आई नोहे, बुवा हाये. ते बाई अंडे देते अन् जाते. पिल्लं हा बुवाच वाढवते." मला वाटलं थट्टा करत आहेत. घरी येऊन पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "पुस्तकवाल्याले कोनं सांगतलं पर?" हा प्रश्न मी अजून सोडवते आहे.

नवं लावण्याआधी बेशरम काढावी लागली. मुळासकट, एकही काडी मागे न ठेवता, पाळीच्या पलीकडे नेऊन वाळवायची. मग श्रावणात, गावचा धानाचा रोवणा सरल्यावर, ढिवर मोहल्ल्यातल्या वीसेक बाया तलावात उतरल्या. शेवटच्या दिवशी आमच्याकडे रोवणाऱ्या बाया मालकाला चिखल फासतात आणि जेवण मागतात. त्या दिवशी त्यांनी मला फासला, कारण मजुरी द्यायला कुणी नव्हतं आणि मालक म्हणावं असंही कुणी नव्हतं. जंगलाकडच्या तलावातून ओल्या पोत्यांत गवत आणलं होतं. त्याची मुळं चिखलाच्या गोळ्यात दाबायची आणि गोळा पाण्यात सोडायचा. काठाच्या उथळात परसूड आणि देवधान अगदी धानासारखं, ओळीत, उलट्या पावलांनी. मी सुद्धा उतरले. माझी ओळ सर्वांत सरळ आली, ती बघून बाया हसल्या.

"बाई, हे धान नोहे. येले सरक रेषा नाई लागत."

सारं गाव पाळीवर जमलं होतं. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "काय वो भागरता, गवताचं पीक कोन्त्या बाजारात इकसान?"

"तुमच्या मिशा वाढल्या का थ्या बी रोवून देऊ इथंच, भाऊजी. मंग संगंच इकू."

अख्खी पाळ हसली. मीही हसले. ज्या हातांना आयुष्यभर गवत उपटायचं शिकवलं ते गवत लावत होते, आणि त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. एकीने मला सांगितलं की घरी गेल्यावर दोन दिवस तिला कसंसंच होत होतं, जणू कुणाच्या पिकात तण सोडून आली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. योग्य गोष्ट करताना ती योग्य वाटतेच असं नाही. हात आपल्या सवयीने शरमतो.

पहिल्या वर्षी निम्मं मेलं. पुन्हा लावलं. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी निवळलं. चौथ्यात डाडक आला. भागरताबाईंनी तो पळसाच्या पानात गुंडाळून माझ्या दारात आणून ठेवला. मी मासे खात नाही हे त्यांना माहीत होतं. "खायाले नाई," म्हणाल्या, "पायाले." पाहिला. करडा, काळ्या ठिपक्यांचा, रागीट तोंडाचा. तुमच्या आजोबांनी मग तो तळून खाल्ला.

निहार, तू मागे विचारलं होतंस की माणसांनी निसर्गाला एकटं सोडून दिलं तर बरं होईल का. मी त्यावर विचार करते. आपला तलाव एकटा सोडला तर काही वर्षांत गाळाने भरेल, पाळ फुटेल, आणि कमळपक्षी उडून जाईल. फार साफ केला तर काय होतं ते मी करून पाहिलं आहे. म्हणजे आपल्याला तिथे काम तर आहे. कोणतं, एवढंच शिकायचं आहे, आणि ते पाळीवर शिट्टी घेऊन उभं राहून कळत नाही. तुमच्या शेजारचे काका हिरवळीतली पिवळी फुलं फवारून मारतात असं तू सांगितलंस. त्यांना नावं ठेवू नकोस. ती फुलं कोण खायला येतं, एवढं बघून ये आणि मला कळव.

सुनीता शाळेत परत आली नाही. मी दोनदा तिला बोलवायला गेले. तोवर ती पंधरा वर्षांची झाली होती, सातवीच्या बाकावर तिचे गुडघे मावले नसते, आणि तिला लाज वाटे. गवत परत लावता आलं. ते नाही आलं.

इथवर लिहून वही मिटणार होते, पण मध्ये एक गोष्ट झाली. परवा सरपंच घरी आला. प्रशांत त्याचं नाव, माझाच विद्यार्थी. चपला बाहेर काढून, पाया पडून, त्याने टेबलावर एक रंगीत नकाशा पसरला. तलावाचं सुशोभीकरण. सगळ्या काठाने सिमेंटची वाट, कठडा, पॅडलच्या बोटी, गावाच्या नावाची मोठी अक्षरं, तिथे उभं राहून फोटो काढायचे. आणि त्याआधी मशीन लावून सगळं गवत काढायचं.

"पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे, मॅडम. दोन शब्द तुम्हीच बोला. तुमचा फोटो आहेच ऑफिसात."

"प्रशांत, ते गवत आम्ही लावलं आहे."

"ते ढिवर बायांचं, हो, ऐकून आहे मी. मी तेव्हा पुण्याला होतो. पण मॅडम, त्याआधी तुम्हीच तर आमच्याकडून उपटून घेतलं होतं. मी नववीत होतो. आठ दिवस अभ्यास नाही, पाण्यात नुसती मजा. शाळेतले माझे सर्वांत चांगले दिवस ते." तो खरोखर आनंदाने सांगत होता. "तलाव कसा दिसत होता, आठवतं?"

आठवतं. म्हणूनच तो गेल्यावर मी जेवले नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा फोटो आहे. गवतांच्या नावांची माझी वही कुणाच्याच समोर नाही. मी काही न बोलता घरी बसले असते, तर माझा फोटोच माझ्या वतीने बोलला असता, आणि मशीन आत उतरलं असतं.

आज झेंडावंदन झालं. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. भागरताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. आता ऐकू कमी येतं, पण येतात. प्रशांतने नकाशा दाखवला, टाळ्या झाल्या, मग त्याने मला उठवलं. मी भाषण लिहून नेलं होतं, मुद्द्यांना आकडे घालून. ते पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, भिंतीवरच्या फोटोत जे दिसतं ती माझी चूक आहे. त्या बक्षिसानंतर ढिवर मोहल्ल्यातली घरं नागपूरला गेली. भागरताबाईंच्या सुनीताची शाळा सुटली. दाखल्यावर कारण काय लिहायचं ते तिच्या आईने मला सांगितलं होतं, आणि मी दुसरंच लिहिलं. तलाव साफ केला म्हणून, हे खरं कारण होतं. ते आज सांगते आहे.

प्रशांत नकाशाकडे बघत होता. त्याचे चांगले दिवस मी त्याच्याकडून काढून घेत होते, हे मला कळत होतं.

भागरताबाईंनी शेजारणीला विचारलं, "काय म्हनली बाई?" तिने कानात ओरडून सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"हव," भागरताबाई म्हणाल्या. "सतरा वर्स लागले बाईले येक रकाना भराले."

आधी त्या हसल्या, मग बाकीचे. प्रशांतही हसला, पण थोडं उशिरा. मग तो म्हणाला, "भागरता आत्या, मशीन कुठवर चालेल, तुम्हीच सांगा." त्या उठल्या, काठी घेतली आणि तलावाकडे चालू लागल्या, आणि सभा त्यांच्या मागून गेली. पाळीवर उभं राहून त्यांनी काठीने दाखवलं. रस्त्याच्या बाजूला तुमची वाट करा, अक्षरं उभी करा, पोट्टेपाट्टे फोटो काढतीन. मधून गाळ काढा, तो काढाच लागते. त्या वडाच्या पलीकडे मशीन न्यायची नाही. प्रशांतने ते तिथेच ठरावात लिहिलं. बोटींवर अजून वाद आहे. तो पुढच्या सभेत होईल, आणि काय होईल ते मला सांगता येत नाही.

ईरा, नवव्या प्रश्नाखाली जागा किती सोडली आहे ते मला माहीत नाही. यातलं काय लिहायचं ते तू ठरव. पण कारणाच्या जागी खरं कारण लिही.

वडाच्या पलीकडच्या पाण्यात आज मी स्वतः पाहिलं ते असं. गाद आहे. चिऊल आहे. परसूड आहे, पांज आहे, आणि तिच्या पानांवर बुवा चार अंड्यांवर बसला आहे. देवधान अजून फुटलेलं नाही, पण पात आहे, ऋषिपंचमीनंतर लोंबी धरेल. डाडक आणि मरळ आहेत. वाघूर भागरताबाईंना वाटतं आहे, मला दिसला नाही. बेशरम दोन ठिकाणी परत आली आहे, उद्या काढू. सुनीता लग्न होऊन आसगावला असते. तिची मुलगी पाचवीत आहे आणि शाळेत जाते.